खोल पाण्यातील ट्राउट आणि गळाची निवड

मासे खाणारा माणूस आणि मासे धरणारा माणूस या दोन अगदी निराळ्या जाती आहेत, हे आम्हांस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी उमगले. बेळगावात आमची हयात गेली. घाट चढून येणाऱ्या बांगड्याचा कल्ला उघडून तो आजचा की कालचा हे सांगण्यात आमचा हातखंडा आहे, असे घरात मानले जाते. परंतु गळ म्हणून हाती धरला तो लहानपणी आजोळी, वेंगुर्ल्याकडच्या खाडीकाठी, तेवढाच. तिकडे त्या उद्योगाला ‘गरवणे’ म्हणतात. बांबूची काठी, दोन वाव तंगूस, एक गरी आणि कोळंबीचा तुकडा, साहित्य संपले. गरी कोणती, आमिष कोणते, ते किती खोल सोडावे, असले प्रश्न आमच्या मामांना कधी पडल्याचे स्मरत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की २०२५ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेत मिनिआपोलिस येथे कन्येकडे होतो. बारा वर्षांच्या नातवाची सुट्टी चालू होती आणि त्याला सुपीरियर सरोवरात ‘लेक ट्राउट’ धरायला न्यावे, असे जावईबापूंनी ठरविले होते. मिनिआपोलिसपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, सरोवराच्या पश्चिम टोकाला डुलुथ नावाचे बंदर आहे. तेथे एका अनुभवी नावाड्याची नौका दिवसभरासाठी भाड्याने घेतली होती. आदल्या दिवशी सामान पाहण्यासाठी आम्ही तिघे दुकानात गेलो आणि तेथेच आमचे शिक्षण सुरू झाले.

एक अख्खी भिंत आमिषांनी भरलेली. लग्नघरच्या रुखवताप्रमाणे ओळीने मांडलेले रुपेरी चमचे, पितळी पत्रे, रबराच्या नळ्या, पिसांचे गोंडे, लाकडी मासे. नातवाने त्यांतला सर्वांत मोठा मासा उचलला. वीतभर लांब, लालभडक, पोटाखाली तीन-तीन टोकांचे तीन गळ. खाऊचे पैसे साठवून तो याच्यासाठीच आला होता. “आजोबा, यानं मोठ्ठा मासा मिळेल ना?” असे त्याने विचारले आणि आम्ही मामांच्या थाटात “का नाही मिळणार?” असे म्हणून मोकळे झालो. वर आणखी एक वचन दिले : “तू धरशील तो मासा तुझा.” या दोन वाक्यांचा हिशेब आम्हांस दुसऱ्या दिवशी चुकवावा लागला.

आज बेळगाव-गोव्याकडच्या कितीतरी घरांतील मुले तिकडे स्थायिक आहेत आणि उन्हाळ्यात आईवडिलांच्या फेऱ्या होतात. तेव्हा त्या दिवशी जे शिकलो ते लिहून ठेवावे, एखाद्या आजोबांच्या उपयोगी पडेल, या हेतूने हा प्रपंच.

हा मासा कोण?

ट्राउट म्हटले, की आपल्याला काश्मीरच्या खळाळत्या ओढ्यांतील मासा आठवतो. तो तपकिरी ट्राउट ब्रिटिश अमदानीत युरोपातून आणून सोडलेला. लेक ट्राउट हा त्याचा दूरचा भाऊबंद. शास्त्रज्ञ त्याला ‘साल्व्हेलिनस नमायकुश’ म्हणतात. त्यातील दुसरा शब्द उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला आहे. काटेकोरपणे पाहता हा ‘चार’ नावाच्या गटातला मासा होय. खरा ट्राउट फिकट अंगावर काळे ठिपके मिरवतो. याच्या काळपट-हिरव्या अंगावर फिकट ठिपके विखुरलेले असतात आणि शेपटी खोल दुभंगलेली असते.

थंडी आणि सबुरी हे त्याच्या आयुष्याचे दोन नियम. सुमारे १० अंश सेल्सिअसचे पाणी त्याला मानवते. वाढ अतिशय मंद; अंडी घालण्याजोगा होण्यास सहा-सात वर्षे, थंड पाण्यात त्याहूनही अधिक लागतात. मग मात्र तो दीर्घकाळ जगतो. वीस-पंचवीस वर्षांचे मासे दुर्मीळ नाहीत, आणि अगदी उत्तरेकडच्या सरोवरांत पन्नाशी ओलांडलेलेही आढळले आहेत. कॅनडातील ग्रेट बेअर सरोवरात १९९५ साली गळाला लागलेला एक मासा ७२ पौंडांचा, म्हणजे साडेबत्तीस किलोंहून जड भरला. एवढा देह होण्यास किती हिवाळे लागले असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आणि त्याचे घर? सुपीरियर सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे. आपल्या गोव्यासारखे बावीस गोवे त्यात सामावतील. सर्वाधिक खोली ४०६ मीटर. काठावर उभे राहिले, तर पलीकडचा तीर दिसत नाही. केवळ पाण्याला खारट वास नाही, म्हणून त्याला सरोवर म्हणायचे.

आधी खोली, मग रंग

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही डुलुथच्या उचलत्या पुलाखालून बाहेर पडलो. नावाडी सत्तरीच्या घरातला, मितभाषी. त्याचे आजोबा नॉर्वेहून येऊन याच किनाऱ्यावर जाळी टाकीत असत. नातवाने मोठ्या अभिमानाने आपला लाल मासा त्याला दाखविला. त्याने तो हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि हसून विचारले, “हा कुठल्या मजल्यावर राहतो?”

प्रश्नाचा अर्थ त्यानेच उलगडला. पाणी ४ अंशांवर सर्वाधिक जड असते. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, हलका होतो आणि तेलाच्या तवंगासारखा वरच राहतो. तळाशी थंड, जड पाणी. या दोहोंच्या मध्ये एक पातळ थर असतो, तेथे तापमान काही मीटरांत झपाट्याने उतरते. लेक ट्राउट उन्हाळ्यात त्या थराखाली किंवा त्याच्या लगत राहतो. वसंतात बर्फ वितळताच सगळे पाणी सारखेच थंड असते. तेव्हा तो किनाऱ्याजवळ उथळ पाण्यातही येतो. शरद ऋतूत तो खडकाळ उंचवट्यांवर अंडी घालण्यासाठी परततो, आणि त्या काळात अनेक ठिकाणी मासेमारी बंद असते, ते योग्यच आहे. म्हणजे एकच मासा मे महिन्यात तीन मीटरांवर असतो, तर ऑगस्टमध्ये पन्नास मीटरांवर. आमिष कितीही देखणे असो, ते चुकीच्या मजल्यावर फिरत असेल तर रिकाम्या घराची कडी वाजविण्यासारखे आहे.

रंगाचेही तसेच. पाण्यातून उतरताना प्रकाशातील लाल रंग सर्वांत आधी विझतो. निळा आणि हिरवा खोलवर पोचतात. दुकानात लालभडक दिसणारा मासा चाळीस मीटरांवर काळपट सावली होतो. म्हणून खोल पाण्यात रुपेरी, पांढरा, हिरवा, निळा किंवा अंधारात चमकणारा रंग घेतात. नातवाचा चेहरा उतरला. आम्ही इकडेतिकडे पाहू लागलो.

जोडणीचे प्रकार

आमिष त्या मजल्यावर न्यायचे कसे, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी दोर, वजन आणि आमिष यांची जी रचना करतात तिला आपण जोडणी म्हणू. नावाड्याने एकेक जोडणी दाखविली, ती आम्हांस समजली तशी सांगतो.

पहिली, सर्वांत साधी : दोराला थेट चमचा बांधून काठावरून फेकणे व ओढून घेणे. वसंतातील उथळ पाण्यासाठी ही पुरेशी. नवशिक्याने हिच्यापासूनच आरंभ करावा.

दुसरी, तीन कड्यांच्या भिंगरीची. एका कड्याला मुख्य दोर, दुसऱ्याला हातभर दोरीने वजन, तिसऱ्याला दीड-दोन मीटर बारीक पारदर्शक दोराने आमिष. वजन तळ चाचपडत जाते आणि आमिष त्याच्या जरा वर तरंगत येते. येथे एक खुबी आहे. वजनाची दोरी मुद्दाम कच्ची घेतात. वजन खडकात अडकले, तर तेवढीच तुटते. आमिष आणि कदाचित त्याला लागलेला मासा वाचतो. आमच्या मामांनी हे ऐकले असते, तर त्यांच्या कितीतरी गऱ्या खाडीत राहत्या ना.

तिसरी, शिसे भरलेला दोर. विणलेल्या दोराच्या पोटातच शिशाची तार असते, म्हणून तो स्वतःच बुडतो. दर दहा यार्डांना त्याचा रंग बदलतो. ‘पाच रंग सोडा’ म्हटले, की किती दोर बाहेर गेला ते कळते. नौका सावकाश चालविली, तर एका रंगामागे साधारण दीड मीटर खोली मिळते. वेग वाढला, की दोर वर उचलला जातो. लेक ट्राउटसाठी नौकेचा वेग माणसाच्या रमतगमत चालण्याएवढा, तासाला अडीच ते चार किलोमीटर ठेवतात.

चौथी, वजनी गोळ्याची. नौकेच्या कडेला बसविलेल्या चक्रीवरून पोलादी तारेने साडेचार-पाच किलोंचा गोळा खाली सोडतात. गळाचा दोर त्या गोळ्याशी एका चिमट्याने अडकविलेला असतो. चक्रीवर खोलीचा आकडा दिसतो, म्हणून आमिष ठरल्या मजल्यावर नेमके ठेवता येते. माशाने ओढ दिली, की चिमटा सुटतो. गोळा तारेवर राहतो आणि मासा व माणूस यांच्यामध्ये केवळ हलका दोर उरतो. खोल पाण्यात हलक्या काठीने खेळण्याची सोय यामुळे झाली.

पाचवी जोडणी एका माणसाच्या नावाने ओळखली जाते. न्यूयॉर्क राज्यातील सेथ ग्रीन (१८१७–१८८८) याने अमेरिकेत माशांची कृत्रिम पैदास रुजविली. त्याच्या नावाच्या जोडणीत एकाच वजनदार दोराला ठरावीक अंतरावर चार-पाच फाटे असतात आणि प्रत्येक फाट्याला एक चमचा. मासा कोणत्या मजल्यावर आहे हे ठाऊक नसेल, तेव्हा एकाच वेळी सगळ्या मजल्यांवर चौकशी करण्याचा हा उपाय. मात्र एका दोरावर किती गळ चालतात याचे नियम जागोजागी निराळे आहेत. ते आधी पाहावेत.

सहावी, उभी जोडणी. नौका थांबवून शिशाचे डोके असलेली पांढरी रबरी नळी सरळ तळापर्यंत सोडायची, दोन-चार झटके द्यायचे आणि चटकन गुंडाळत वर आणायची. लेक ट्राउट पळणाऱ्या भक्ष्याचा पाठलाग करीत कितीतरी मीटर वर येतो. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवराच्या बर्फाला भोक पाडून बसणारे लोक हीच जोडणी वापरतात.

चमच्याची कुळकथा

आमिषांमध्ये मानाचे पान चमच्याचे. व्हरमाँट राज्यातील ज्युलिओ ब्यूएल नावाचा तरुण नावेत बसून जेवत असताना त्याचा चमचा पाण्यात पडला, तो हेलकावे खात बुडताना एका मोठ्या माशाने झडप घालून गिळला, आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, ब्यूएलने १८५२ साली अशा आमिषाचे एकस्व घेतले, ही मात्र नोंदलेली गोष्ट. चमच्याचा गुण त्याच्या डुलण्यात आहे. जखमी मासा जसा कलंडत, चमकत जातो, तसा तो जातो. पातळ पत्र्याचा चमचा सावकाश ओढला तरी डुलतो, म्हणून गोळ्यामागे तो घेतात. जाड चमचा लांब फेकता येतो आणि लवकर बुडतो, म्हणून काठावरून तो बरा.

दुसरा प्रकार जोड आमिषाचा. पुढे वीतभर चकचकीत पत्रा आणि त्याच्यामागे अर्ध्या मीटरवर केसांचा गोंडा किंवा पंख असलेली फिरती गोळी. पत्रा दुरून लक्ष वेधतो, गोंडा प्रत्यक्ष घास होतो. सुपीरियरमध्ये तळाशी बसलेल्या माशांसाठी नावाडी हीच जोडी पसंत करतात.

आकाराचा नियम सोपा आहे. त्या पाण्यातील मासा काय खातो ते पाहावे आणि तेवढेच आमिष घ्यावे. येथे लेक ट्राउट सिस्को आणि स्मेल्ट हे लहान रुपेरी मासे खातो. म्हणून त्या दिवशी दोराला लागला तो बोटभर लांब, एक बाजू रुपेरी व दुसरी हिरवट असा साधा चमचा. रुखवतात त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

टोके किती असावीत?

विकत आणलेल्या चमच्याला तीन टोकांचा गळ होता. नावाड्याने पक्कडीने तो काढला, त्याच्या जागी एकाच टोकाचा गळ बसविला आणि टोकाशेजारचा उलटा काटा चेपून टाकला. नातवाने विचारले, “मग मासा सुटेल ना?” त्याने उत्तर दिले, “दोर ताणलेला ठेवलास, तर नाही सुटणार. आणि मला सोडायचा असेल, तेव्हा तो सुटला पाहिजे.”

तीन टोकांचा गळ माशाच्या जबड्यात, कल्ल्यात, कधी डोळ्यात रुततो. तो काढता काढता मासा हातात मरतो. खाण्यासाठीच धरायचा असेल, तर प्रश्न नाही. पण कोणता मासा लागणार हे गळ टाकताना ठाऊक नसते. म्हणून सोडता येईल असाच गळ टाकावा. शिशाच्या लहान वजनांविषयीही तो बोलला. ‘लून’ नावाचा डुबी मारणारा पक्षी, जो मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे, अशी तुटून पडलेली वजने गिळतो आणि विषबाधेने मरतो. मोठ्या गोळ्यापासून त्याला भय नाही. लहान वजने मात्र कथलाची किंवा टंगस्टनची घ्यावीत.

वाट चुकून आलेला पाहुणा

दोन तास काही लागले नाही. त्या अवकाशात नावाड्याने जी हकीकत सांगितली, ती ऐकल्यावाचून या माशाची ओळख अपुरी राहिली असती.

अटलांटिक महासागरात लॅम्प्री नावाचा वाममाशासारखा लांबट जीव असतो. त्याला जबडा नाही. दातांनी भरलेले वाटोळे तोंड आहे. ते तो माशाच्या अंगाला लावतो आणि रक्त शोषतो. नायगाऱ्याच्या धबधब्यामुळे वरची सरोवरे त्याच्यापासून सुरक्षित होती. धबधबा टाळून जहाजे नेण्यासाठी वेलंड कालवा काढला आणि वाट मोकळी झाली. १९२१ साली लॅम्प्री ईरी सरोवरात दिसला. १९३८ पर्यंत तो सुपीरियरला पोचला. एक लॅम्प्री आपल्या वर्ष-दीड वर्षाच्या परोपजीवी काळात १८ किलोंपर्यंत मासे मारू शकतो. वरच्या सरोवरांतून पूर्वी वर्षाला सुमारे दीड कोटी पौंड लेक ट्राउट निघत असे; १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तो आकडा सुमारे तीन लाख पौंडांवर आला. पन्नास भागांतला एकच भाग उरला! दोष सगळा लॅम्प्रीचाही नव्हता. जाळी टाकणाऱ्यांची हावही होतीच, हे कोळ्याच्या त्या नातवाने आपणहून सांगितले. किनाऱ्यावरची कोळ्यांची घरे ओस पडली.

अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५४ मध्ये करार करून संयुक्त आयोग नेमला. ह्युरॉन सरोवराकाठच्या प्रयोगशाळेत सुमारे सहा हजार रसायने तपासली गेली, तेव्हा कोठे एक सापडले, जे ओढ्यांच्या गाळात वाढणारी लॅम्प्रीची पिले मारते आणि इतर माशांना बहुतांशी अपाय करीत नाही. १९५८ पासून ते वापरले जाऊ लागले. त्याबरोबर ओढ्यांवर बांध घातले, मासेमारीवर निर्बंध आले, पैदास केंद्रांतून पिले सोडली गेली. लॅम्प्रीची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगाने जाहीर केले, की सुपीरियर सरोवराच्या बहुतेक भागात लेक ट्राउट आता स्वतःच्या बळावर पूर्ववत झाला आहे. साठ-पासष्ट वर्षांची तपश्चर्या! तरीही काम संपलेले नाही. २०२० व २०२१ साली साथीमुळे औषध टाकण्याचे काम कमी झाले, तेवढ्यात लॅम्प्री पुन्हा वाढला होता.

वचनाचा हिशेब

सव्वादहाच्या सुमारास, पंचेचाळीस मीटरांवरच्या गोळ्याचा चिमटा सुटला आणि काठी वाकली. नातवाने ती धरली. पहिला मासा दीड किलोचा असेल. तो ठेवला. अर्ध्या तासाने दुसऱ्यांदा काठी वाकली, ती सरळ होईचना. “सावकाश,” नावाडी म्हणत होता, “त्याला वाटेत श्वास सोडू दे.” लेक ट्राउटच्या वाताशयाला घशाशी जोडणारी नळी असते, हळूहळू वर आणला, तर तो फुगलेली हवा बाहेर टाकू शकतो. खरोखरच पाण्यावर आधी बुडबुड्यांची माळ उमटली आणि मग तो आला. पाऊण वावाच्या आतबाहेरचा लांब, जुन्या पितळी भांड्यासारखा काळवंडलेला. नावाड्याने त्याला जाळीत धरून पाण्यातच ठेवला.

“आजोबा, हा माझा!” नातू थरथरत होता. वचन आमचेच होते.

नावाड्याने दोन गोष्टी दाखविल्या. पैदास केंद्रातून सोडलेल्या पिलांचा एखादा पर खुणेसाठी कापलेला असतो. याचे सगळे पर शाबूत होते, म्हणजे हा सरोवरातच जन्मलेला. आणि कल्ल्यामागे, पोटाच्या बाजूला, रुपयाएवढा वाटोळा, भरून आलेला व्रण होता. लॅम्प्री याला चिकटला होता, आणि हा वाचला होता. वय मुलाच्या वयाहून निश्चितच अधिक असावे, असे तो म्हणाला. एवढा जुना मासा खाण्यासही चांगला नाही. वर्षानुवर्षांचा पारा आणि इतर विषारी द्रव्ये त्याच्या अंगात साठलेली असतात, म्हणून सरकारही मोठे मासे बेताने खाण्यास सांगते. पण अंडी घालण्यास याच्यासारखा दुसरा नाही. “ठेवायचा असेल, तर नियमाने ठेवता येईल,” तो म्हणाला, “मासा मुलाचा आहे.”

सगळे आमच्याकडे पाहू लागले. वाचकहो, घरातील वडील माणसाने विचार न करता दिलेले वचन किती जड होते, हे तेव्हा कळले. सोडून दे म्हणावे, तर शब्द मोडतो. गप्प राहावे, तर डोळ्यांदेखत एक मासा जातो, ज्याला राखण्यासाठी दोन देशांनी दोन पिढ्या घालविल्या. आम्ही एवढेच म्हणालो, “बाळ, मासा तुझा आहे, यात बदल नाही. पण काल दुकानात मी तुला न कळता सल्ला दिला. आज मला कळले आहे, आणि मी असतो तर सोडला असता.”

तो बराच वेळ बोलला नाही. मग मान हलवली, पण आमच्याकडे न पाहता. नावाड्याने पक्कडीने गळ धरून एक हिसका दिला. एकच टोक, चेपलेला काटा, क्षणात निघाला. मासा पाण्यात सरळ धरला. त्याने दोन वेळा कल्ले हलवले, शेपटीचा एक फटकारा मारला आणि हिरव्या काळोखात उतरून गेला. पाणी इतके थंड होते, की नावाड्याची बोटे लाल झाली होती. ती थंडीच माशाच्या कामी आली. लहान सरोवरांत उन्हाळ्यात वरचे पाणी तापलेले असते. तेथे खोलातून आणून सोडलेला मासा पुष्कळदा जगत नाही. अशा ठिकाणी जेवणापुरते मासे मिळताच गळ गुंडाळावा, हेच बरे.

सोडण्याचा हा नियम सर्वत्र लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. यलोस्टोन सरोवरात हाच लेक ट्राउट उपरा आहे. १९९४ मध्ये तो तेथे आढळला. त्याने तेथील मूळचा कटथ्रोट ट्राउट इतका फस्त केला, की अंडी घालण्यास ओढ्यात चढणाऱ्या त्या माशांवर जगणाऱ्या अस्वलांचाही घास गेला. लेक ट्राउट खोल पाण्यातच राहतो, तो अस्वलाच्या हाती लागत नाही. म्हणून तेथे धरलेला लेक ट्राउट परत सोडण्यास मनाई आहे. एके ठिकाणचा घरधनी दुसऱ्या ठिकाणी लॅम्प्री होतो. गळ टाकण्यापूर्वी, हे पाणी कोणाचे, हे विचारून घ्यावे.

परतीच्या वाटेवर नातू गाडीत तोंड फिरवून बसला होता. डोळे पुसल्याचे आम्ही पाहिले, आणि न पाहिल्यासारखे केले. रात्री सौ.ने दीड किलोच्या त्या माशाच्या तुकड्यांना हळद, तिखट आणि गोव्याहून नेलेले आगळ लावले, रव्यात घोळवून तव्यावर सोडले. मांस केशरट आणि तेलकट. बांगड्याची आठवण व्हावी, पण वास सौम्य. नातवाने पहिला तुकडा खाल्ला नाही. दुसरा खाल्ला.

सकाळी उठून पाहतो तो चिरंजीव जेवणाच्या टेबलावर पक्कड घेऊन बसलेले. लाल माशाच्या पोटाखालचे तिन्ही गळ त्याने काढले होते आणि मागच्या बाजूस एकच गळ बसविण्याची खटपट चालली होती. “आजोबा, हा मे महिन्यात चालेल ना? मे महिन्यात ते वरच्या मजल्यावर असतात.”

या वेळी आम्ही “का नाही चालणार?” असे म्हटले नाही. “नावाड्याला विचारू,” असे म्हणालो, आणि पक्कड धरायला बसलो.